अनुसयाबाईचा रिमोट

मोतिबिंदूचं ऑपरेशन चालू असताना पडद्यावर डोळा ताटाएवढा दिसतो आणि त्याच्या बुबुळावर दोन पांढरे ठिपके असतात. मायक्रोस्कोपच्या दिव्यांचं ते प्रतिबिंब. डोळ्यावर सतत पाणी सोडलेलं असतं, त्यामुळे हे ठिपके कधीच पूर्ण स्थिर राहत नाहीत. डॉक्टरांचा हात थांबला, हत्यार बाहेर आलं, पडद्यावर काहीच घडत नाहीसं वाटलं, तरी ठिपक्यांची कड थरथरत असते. ती थरथर थांबली तर समजायचं, टीव्हीवरचं चित्र अडकलं. आत ऑपरेशन व्यवस्थित चालू असतं. हे मला ठाऊक होतं. बाहेर बाकांवर बसलेल्या माणसांना ते ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

आमचं नेत्र रुग्णालय वर्धा जिल्ह्यातल्या जाम गावच्या चौफुलीपासून थोडं आत आहे. ऑपरेशन नातेवाइकांना टीव्हीवर थेट दाखवण्याची पद्धत इथे सुरुवातीपासून आहे. त्या काळी आसपासच्या गावांत अशी बोलवा होती की हे लोक माणसाचा डोळा काढून घेतात आणि बकरीचा बसवतात. त्यावर संस्थापकांनी उपाय काढला, की सगळं डोळ्यांदेखत करायचं. लोकांना ते पटलं. आता बकरीचं कोणी बोलत नाही, पण टीव्हीशिवाय ऑपरेशनला कोणी तयारही होत नाही.

मी इथे उपकरणं सांभाळते. डोळ्याची लांबी मोजण्याची यंत्रं, भिंगाचा नंबर काढण्याची यंत्रं. भौतिकशास्त्रात एम. एस्सी. केलेली दुसरी कोणी नसल्याने संगणकांच्या तारा आणि त्यांना जोडणारे स्विचही हळूहळू माझ्याकडे आले. टीव्ही मात्र माझ्याकडे नव्हते. टीव्ही अनुसयाबाईंकडे होते.

अनुसयाबाई आमच्या जुन्या आया. प्रतीक्षागृहातल्या टीव्हीखाली त्यांची लोखंडी खुर्ची, आणि शेजारच्या खिडकीच्या गजाला सलाइनच्या नळीने बांधलेला रिमोट. चित्र मध्येच थांबतं, हे त्यांच्या सगळ्यात आधी लक्षात आलं होतं. रिमोटवर चॅनल एकदा वर आणि एकदा खाली केलं की ते पुन्हा सुरू होतं, हेही त्यांनीच शोधलं. पुढे तर त्यांनी चित्र थांबण्याची वाट पाहणंही सोडलं. दर थोड्या वेळाने अंगठा वर, अंगठा खाली. पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि डोळा परत यायचा. महिला वॉर्डात आणि अंगणापलीकडच्या धर्मशाळेत त्यांनी दोन बायकांना तसंच शिकवून बसवलं होतं.

चित्र चालू राहत होतं, त्यामुळे कोणी तक्रार केली नाही. झालं ते वेगळंच. ज्या दिवशी अनुसयाबाई रजेवर असत, त्या दिवशी चित्र थांबे, नातेवाईक घाबरत, गोंधळ होई. त्यातून समुद्रपूरपासून गिरडपर्यंत असा समज पसरला की त्या मावशीच्या हाताला यश आहे. नंबर लावायला आलेली माणसं खिडकीवर पहिला प्रश्न विचारू लागली, "त्या दिवशी अनुसयाबाईची ड्यूटी हाय का?"

आमची सर्जन डॉ. सोनम यावर हसत असे. "दहा वर्षं शिकले मी," ती म्हणायची, "आणि यश मावशींच्या अंगठ्याला."

मला हसू येत नसे, कारण माझे वडील त्या थांबणाऱ्या चित्रापायी अडून बसले होते.

बाबांचं नाव नत्थूजी. गाव गिरडजवळ. आई गेल्यापासून ते सिंदी मेघेला माझ्याकडे राहतात. त्यांचा डावा डोळा तरुणपणीच गेला. कापूस वेचून झाल्यावर कपाशीची वाळली झाडं, पराट्या, उपटताना एक खुंट डोळ्यात घुसला होता. उजव्या डोळ्यावर सगळं आयुष्य गेलं आणि आता त्यात मोतिबिंदू वाढत होता. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना एकदा गमतीने यंत्रासमोर बसवून मोजमाप घेतलं होतं. त्यांना लागणाऱ्या भिंगाचा नंबर मला पाठ होता. बसवायचं तेवढं बाकी होतं.

मी म्हणायची, "बाबा, आता करून टाकू."

"कापूस घरी येऊ दे."

कापूस घरी आला. "आता ऊन लय हाय." ऊन उतरलं. "दसरा होऊन जाऊ दे." ते नाही असं कधीच म्हणाले नाहीत. नाही म्हणाले असते तर वाद तरी घालता आला असता.

खरं कारण डोमाजीकाका होते. बाबांचे लहानपणापासूनचे मित्र. त्यांच्या ऑपरेशनला बाबा सोबत आले होते आणि पुढच्याच बाकावर बसले होते. नेमकं त्या वेळी अनुसयाबाईंना कोणीतरी स्ट्रेचर धरायला बोलावलं. चित्र थांबलं. डोमाजीकाकांचा डोळा पडद्यावर ताटाएवढा, त्यात सुई, आणि सुई हलेना. काकूंनी मोठ्याने गळा काढला. अनुसयाबाई धावत आल्या, त्यांनी बटण दाबलं, तोवर ऑपरेशन संपून पट्टी बांधून झाली होती. डोमाजीकाका आज रेशनच्या दुकानावरची पाटी लांबून वाचतात. बाबांना ते सांगून उपयोग नव्हता.

"डोमाजीचे दोन डोये होते," ते म्हणाले. "माह्या एक हाय. थ्या सुईवानी माह्या डोयात कोणी थांबला तं?"

"बाबा, सुई थांबली नव्हती. चित्र थांबलं होतं."

"तुले कसं मालूम? तू आतमंदी होती काय?"

आत मी नव्हतेच. मग त्यांनी स्वतःच अट घातली. "मले एक ऑपरेशन सुरूपासून आखरीपर्यंत पाहू दे. मधात न थांबता. अन् थ्या बाईनं बटन न दाबता."

"मग करायचं?"

"मंग पाहू."

डॉ. सोनमने त्यांचा डोळा तपासला होता. डोळ्यातलं भिंग तपकिरी होत चाललं होतं. ते जितकं जुनं होत जातं तितकं कठीण होत जातं आणि फोडायला तितकाच जोर लागतो. "या हिवाळ्यात केलं तर मी हमी देते," ती मला एकटीला म्हणाली. "पुढच्या हिवाळ्याचं मला नको विचारूस."

नोव्हेंबरात अनुसयाबाई भाचीच्या लग्नाला गेल्या. त्या दिवशी लांबून आलेले दोनच पेशंट घेतले होते. दुसऱ्याच्या वेळी चित्र गोठलं. पेशंटच्या भावाने उठून ऑपरेशन थिएटरच्या दारावर दोन्ही हातांनी धडका मारल्या. डॉ. सोनमचं हत्यार त्या क्षणी डोळ्याच्या आत होतं. ऑपरेशन नीट पार पडलं. पण ती बाहेर आली तेव्हा तिने हातमोजे काढले नव्हते, ते काढायचे राहून गेले होते.

"मोहिनी, सोमवारपासून टीव्ही बंद," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "लोक आले नाहीत तर नको येऊ देत. मला दाराचा आवाज परवडत नाही."

"रविवार दे मला."

"दोन वर्षं दिली की."

"तेव्हा मी टीव्हीकडेच बघत होते. आता तारांकडे बघते."

तिने आता हातमोजे ओढून काढले. "सोमवारची पहिली केस. रिमोटला कोणी हात न लावता शेवटपर्यंत चाललं तर राहू दे. नाही तर मी स्वतः काढून ठेवीन."

टीव्ही बंद झाला असता तर बाबांची अट पुरी होण्याची वाटच बंद झाली असती. त्यांना ते सोयीचंही झालं असतं. पाहायलाच मिळत नाही म्हटल्यावर कोणी काही विचारणार नव्हतं.

रविवारी थिएटर रिकामं होतं. मायक्रोस्कोपखाली डोळा नव्हता, म्हणून मी मनगटावरचं घड्याळ काढून तिथे ठेवलं आणि कॅमेरा चालू केला. तिन्ही टीव्हींवर माझ्या घड्याळाची तबकडी आली. सेकंदकाटा हातभर लांब. चित्र चालू आहे की थांबलंय हे आता कोणालाही कळलं असतं.

अनुसयाबाई रविवार असूनही आल्या होत्या. "माह्या रिमोटची गोष्ट हाय," त्या म्हणाल्या. "मी नाई येऊ तं कोण येईन?"

"मावशी, आज तुमचं काम एकच. टीव्हीसमोर बसायचं आणि बटण दाबायचं नाही."

"मंग मले बोलावलं काऊन?"

"काटा थांबला की सांगायला."

त्यांना प्रतीक्षागृहात बसवून मी महिला वॉर्डात गेले. धर्मशाळेत त्यांच्याच हाताखालची एक बाई फोन घेऊन बसली होती. चार मिनिटं होऊन थोडा वेळ गेला आणि माझ्यासमोरचा काटा थांबला. त्याच क्षणी बाहेरून हाक आली, "मॅडम, थांबला! दाबू काय?" आणि धर्मशाळेतून फोन वाजला.

टीव्ही बिघडले असते तर तिन्ही एकाच वेळी थांबले नसते. म्हणजे दोष टीव्हीत नव्हता, वाटेत होता.

"दाबू काय, मॅडम?" पुन्हा हाक.

"नको, मावशी."

"माह्या अंगठा शिवशिवून राह्यला!"

नोंदणीच्या खिडकीमागे एक लहान खोली आहे. तिथे मुख्य स्विच. थिएटरमधला कॅमेरा त्याला चित्र देतो. तिथून तीन तारा तीन स्विचांकडे जातात, प्रतीक्षागृह, वॉर्ड आणि धर्मशाळा. पूर्वी हे स्विच चित्र सगळ्याच तारांमध्ये सोडत. मग नोंदणीचे संगणक अडकत आणि खिडकीवर रांग लागे. म्हणून आमचं नेटवर्कचं काम पाहणाऱ्या वर्ध्याच्या आदेशने स्विच मल्टिकास्टच्या नीट पद्धतीवर लावले होते. त्यात चित्राची एकच प्रत निघते. ज्या टीव्हीला चित्र हवं तो तशी मागणी पाठवतो. वाटेतले स्विच ती मागणी ऐकून ठेवतात आणि तेवढ्याच बाजूला चित्र सोडतात. बाकीच्या तारा मोकळ्या राहतात.

तिन्ही ठिकाणी एकदा बटण दाबायला लावून मी लॅपटॉप जोडला आणि मुख्य स्विचला विचारलं की चित्र कोणाकोणाला हवं आहे. त्याने तीन तारा दाखवल्या. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. तिन्ही होत्या. चार मिनिटांनंतर विचारलं तेव्हा एकही नव्हती. टीव्ही तर तिन्ही चालूच होते. त्यांनी मागणी मागे घेतली नव्हती. स्विच ती विसरला होता.

विसरणं ही चूक नव्हती, त्याला तसंच करायचं असतं. टीव्ही बंद करून माणूस निघून गेला तर कायम त्याच्याकडे चित्र कशाला सोडायचं? म्हणून मागणी काही मिनिटंच लक्षात ठेवायची. पण मग कोणीतरी मधूनमधून सगळ्यांना विचारायला हवं, की अजून हवं आहे का. टीव्ही हो म्हणतात, आणि मागणी ताजी होते. आमच्याकडे विचारणारं कोणी नव्हतं. रिमोटचं बटण दाबलं की टीव्ही चॅनल सोडून परत मागायचा. अनुसयाबाई दोन वर्षं हीच मागणी हाताने ताजी करत होत्या.

मी आदेशला फोन लावला. पलीकडे कुठेतरी हळद चालू होती, बँडचा आवाज येत होता.

"आदेश, टीव्ही थांबायला लागले ते नवीन इंटरनेट आल्यापासून ना?"

"हो, तेवढ्यातच, मॅडम. काऊन?"

"तेव्हा तुम्ही जुना राउटर काढला."

"थो डब्बा? मीच काढला. थ्याच्यात काईच नव्हतं मॅडम. कोणती तार कामाची नाई. नुसता गरम होऊन राह्यला होता."

"तो विचारत होता."

"काय विचारत होता?"

"अजून कोणाला चित्र पाहिजे का, असं. सगळ्या टीव्हींना."

बँड वाजत राहिला. मग आदेश हळूच म्हणाला, "अरे बाप्पा."

"मुख्य स्विचलाच विचारायला लावते."

"लावा मॅडम, लावा. पानाच्या शेवटी हाय थे. म्या कधी खालपर्यंत गेलोच नाई."

लॅपटॉपवर उघडलेल्या सेटिंगच्या पानाच्या तळाशी एक चौकोन होता, मोकळा. मी त्यात खूण केली, तिन्ही ठिकाणी शेवटचं एकदा बटण दाबायला सांगितलं आणि टीव्हीवरच्या घड्याळाकडे निघाले.

या वेळी चार मिनिटं गेली, पाच गेली, आणि प्रतीक्षागृहातला काटा फिरतच राहिला. वॉर्डातलाही. मी श्वास सोडणार एवढ्यात फोन वाजला. धर्मशाळा. तिथला काटा थांबला होता.

मी खोलीत परतले आणि खुर्चीवर बसले. दोन ठिकाणी चालतं आणि तिसऱ्या ठिकाणी नाही. घाई केली असती तर मी सगळंच पुसून पहिल्यापासून लावलं असतं. पण दोन ठिकाणी चाललंय ही माहिती होती, ती टाकायची नव्हती. धर्मशाळेत वेगळं काय होतं? स्विच. तो एका देणगीदाराने दिलेला, दुसऱ्या कंपनीचा. त्याच्यापर्यंत प्रश्न पोहोचत होता का, हे मी पाहिलं. पोहोचत होता. पण प्रश्न कोण विचारतंय ते त्यात लिहिलेलं नव्हतं. पत्त्याच्या जागी नुसती शून्यं होती. बाकीचे दोन स्विच एवढं बघत नव्हते. देणगीतला स्विच काटेकोर होता. बिनपत्त्याचा प्रश्न त्याने सोडून दिला होता.

मी मुख्य स्विचला त्या जाळ्यातला एक पत्ता दिला.

धर्मशाळेत या वेळी अनुसयाबाई स्वतः गेल्या. मीही मागून गेले. त्या टीव्हीसमोर चटईवर मांडी घालून बसल्या आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतले. रिमोट त्यांच्यापासून हातभर अंतरावर. आम्ही दोघी काट्याकडे पाहत होतो. ज्या ठिकाणी मघाशी तो थांबला होता तिथून तो पुढे गेला. आणखी एक फेरी झाली, आणखी एक.

"मॅडम," त्या म्हणाल्या.

"हं."

"मी चहा पिऊन येऊ काय?"

"या ना."

त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, वळून टीव्हीकडे पाहिलं. काटा फिरत होता. "दोन सालापासून ऑपरेशनच्या टायमाले मी चहा नाई पेली," त्या म्हणाल्या. "पाणीबी कमी पेत होती. मोरीत गेली अन् हिकडं चित्र थांबलं तं?" आणि पदर तोंडाशी धरून त्या हसायला लागल्या. त्यांना हसू आवरेना, आणि मग मलाही.

घरी आल्यावर बाबांना मी सगळं सांगितलं नाही. दोन ठिपक्यांचं तेवढं सांगितलं. ठिपके थरथरताहेत तोवर चित्र चालू, हे त्यांनी दोनदा म्हणून घेतलं. मग मी म्हटलं, "उद्या सकाळी येता का? पहिली केस."

"उद्या मले काम नाई," ते म्हणाले. होकारच होता तो.

सोमवारी ते पुढच्याच बाकावर बसले, डोमाजीकाकांच्या वेळी बसले होते तिथे. शेजारी हेमराज नावाचा गिरडचा एक माणूस होता. त्याची आई देवकाबाई आत टेबलावर होती. दुसऱ्या बाजूने सात-आठ नातेवाईक. अनुसयाबाईंनी रिमोट गजावरून सोडवून उंच खुंटीला टांगला आणि स्वतः सगळ्यांच्या मागे जाऊन बसल्या. त्यावरून लगेच कुजबुज सुरू झाली.

"मावशी, अशा मांगं काऊन बसल्या? समोर या न," हेमराज म्हणाला.

"समोर काय करू? माही ड्यूटी संपली तथची."

"असं नोको म्हणू माय, आमची बुढी आत हाय."

"तुही बुढी डॉक्टरकडं हाय, माह्याकडं नाई. चूप बस."

पडद्यावर देवकाबाईंचा डोळा आला. मी दाराजवळ भिंतीला टेकून उभी राहिले. खोलीतल्या स्विचपाशी जायचा मोह होत होता. पण तिथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बाबा मान थोडी तिरकी करून पाहत होते, त्यांची नेहमीची सवय. थोड्या वेळाने ते शेजारी झुकले. "बावा, थ्या बुबुळावर दोन ठिपके हाय, पाह्यले?"

"हो, काका. पांढरे."

"हालून राह्यले का?"

"हालून राह्यले."

"दोनी?"

"दोनी हालते."

"मंग चालू हाय. थे हालून राह्यले तोपर्यंत भेवाचं काम नाई."

हेमराजने मान डोलावली आणि ते मागच्या बाकाला सांगितलं. मागच्याने त्याच्या मागच्याला. डॉ. सोनमने भिंगावरचा पातळ पापुद्रा उघडला, भिंग फोडायला घेतलं. पिवळट तुकडे सुटून नळीत जाऊ लागले. चार मिनिटं केव्हा उलटून गेली ते मला कळलं, बाकी कोणाला कळायचं कारण नव्हतं.

मग ती थांबली. हत्यार डोळ्यातून बाहेर आलं आणि पडद्यावर काहीच घडेना. नवीन भिंग भरून घेत असावी. दरवेळी एवढा वेळ लागतोच. पण बाकांवरची माणसं पुढे सरकली. हेमराज अर्धवट उठला. मागून कोणीतरी म्हणालं, "मावशी, बटन!" अनुसयाबाई जागच्या हलल्या नाहीत. मी त्यांचे हात पाहिले. ते मांडीखाली होते.

"बस खाली," बाबा म्हणाले. त्यांनी हेमराजचं मनगट धरलं. "ठिपके पाय. सांग मले. हालते का नाई?"

हेमराजने पाहिलं. "हालते," तो म्हणाला. "थोडे थोडे. हालते, काका."

"मंग बस."

तो बसला. बाबांनी त्याचं मनगट सोडलं नाही. पडद्यावर कडेने एक बारीक नळी आली, तिच्यातून गुंडाळलेलं भिंग आत उतरलं आणि सावकाश उलगडलं. डॉ. सोनमने ते हलकेच फिरवून जागेवर बसवलं, पाणी सोडलं, आणि डोळ्यावरचा चिमटा काढला. पापणी मिटली. पडदा पांढरा झाला. सुरूपासून आखरीपर्यंत, आणि कोणी कशाला हात लावला नव्हता. सगळ्या खोलीने एकदम बोलायला सुरुवात केली.

देवकाबाई सिस्टरचा हात धरून चालत बाहेर आल्या. डोळ्यावर पारदर्शक झाकण. हेमराज त्यांच्यासमोर उभा राहून डोळे पुसत होता.

"काऊन रडून राह्यला रे?" त्या म्हणाल्या. "ऑपरेशन माह्यं झालं का तुह्यं?"

त्यांच्या मागून डॉ. सोनम दारात आली. तिने खुंटीवरच्या रिमोटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दार आज शांत होतं," ती म्हणाली. "टीव्ही राहू दे." आणि दुसऱ्या केससाठी हात धुवायला निघून गेली.

लोक देवकाबाईंच्या भोवती जमले होते. बाबा बाकावरच होते. मी त्यांच्याशेजारी, हेमराजच्या जागी बसले.

"पाहिलंत, बाबा? मध्ये कुठे थांबलं नाही."

त्यांनी धोतराच्या सोग्याने उजवा डोळा पुसला, जणू त्याने काही फरक पडणार होता.

"मले नाई दिसलं," ते म्हणाले.

"काय नाही दिसलं?"

"ठिपके. नाई दिसले. उजेड दिसला, पांढरा पांढरा, बस. थो पोट्टा सांगे, मी हो म्हणो." त्यांनी सोगा खाली सोडला. "लय दिवसाचं नाई दिसत, मोहिनी. तुह्या चेहराबी आवाजावरून समजतो."

मला वाटत होतं, त्यांना अजून बरंच दिसतं. सकाळी ते चहाचा कप बरोबर उचलतात, रस्त्याने जाणाऱ्याला नावाने हाक मारतात. कप मी रोज एकाच जागी ठेवते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी त्यांच्या डोळ्याची लांबी मोजली होती, भिंगाचा नंबर काढला होता. तुम्हाला किती दिसतं, असं विचारलं नव्हतं. दोन वर्षं मी सांगतच होते, करून टाकू, करून टाकू.

त्यांचा हात बाकावर होता. मी त्यावर हात ठेवला.

"बाबा, तुम्हाला करायचं आहे का?"

पडद्यावर दुसरा डोळा आला होता. पुढच्या पेशंटचे नातेवाईक बाकांवर येऊन बसू लागले आणि हेमराज त्यांना ठिपक्यांचं समजावून सांगत होता. मागच्या खुर्चीवर अनुसयाबाई बशीत चहा ओतून फुंकर घालत होत्या. बाबांनी त्या आवाजाकडे मान वळवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"लाव माह्या नंबर. अनुसयाबाई सुट्टीवर असली तरी चालन."